नातीचं फर्स्ट कम्युनियन आणि आजीचा राग

पत्र (थोडक्यात): "मी इंदूरची, तिलकनगरात राहते, वय ६६. सून केरळची, कॅथलिक. लग्नाला दहा वर्षं झाली. तशी गुणी आहे, उकडीचे मोदक माझ्याहून बरे करते. गेल्या नाताळात तिच्या आग्रहामुळे मी पहिल्यांदा लाल चर्चमध्ये रात्रीच्या मिस्साला गेले. शेवटी शेवटी माईकवर 'परमप्रसाद' असं काहीतरी ऐकू आलं, सगळे रांगेत लागले, मीही लागले. सून गाणाऱ्यांच्यात होती, मुलगा फोन आला म्हणून बाहेर. माझी पाळी आली तेव्हा तीर्थाला करतो तसा हात पुढे केला. अर्धा तुकडा ह्यांच्यासाठी रुमालात बांधून आणावा असं मनात होतं. फादरनी हळूच विचारलं, 'आप कॅथलिक हैं?' मी नाही म्हटलं. त्यांनी चकती परत भांड्यात ठेवली, माझ्या डोक्यावर हात धरून काहीतरी पुटपुटले, आणि मी रिकाम्या हाताने जागेवर. मागे सुनेच्या ओळखीचे सगळे. आमच्या देवळातून प्रसादाशिवाय कोणाला परत पाठवलेलं मी तरी पाहिलं नाही. सूनही तशीच. मोदक करते, पण आरतीनंतर प्रसादाचं ताट पुढे केलं की नुसता नमस्कार. रविवारी माझे पोहे न खाताच चर्चला जाते. आता ईस्टरनंतर आठ वर्षांच्या नातीचं फर्स्ट कम्युनियन आहे. सून म्हणते, आई, तुम्ही यायलाच हवं. जाऊबाई म्हणतात, नात गेली म्हणा त्यांच्यात. आणि परवा नातीने विचारलं, 'आजी, तू माझं खाऊ शकत नाहीस, मम्मा तुझं खात नाही, मग मी काय खायचं?' मला उत्तर सुचलं नाही. जाऊ का? गेले तर तिथे काय करू? आणि भेट काय देऊ?"

ताई, जा. चांगली माहेश्वरी नेसून जा.

हे आधीच सांगून टाकलं, कारण विचारलंत ते हे. सलतंय मात्र नाताळचं, म्हणून तिकडे वळते.

भरल्या चर्चमध्ये पुढे केलेला हात रिकामा मागे घ्यावा लागणं कोणत्याही वयात वाईटच. तुम्ही श्रद्धेने रांगेत लागला होतात, फुकट काही मिळतंय म्हणून नव्हे. ती चकती घेणं म्हणजेच कम्युनियन, आणि पहिल्यांदा घेणं ते फर्स्ट कम्युनियन. हिंदी चर्चमध्ये त्याला परमप्रसाद हाच शब्द रुळलेला आहे, तेव्हा तुमची गफलत साहजिक होती. निघण्याआधी कोणी दोन वाक्यांत समजावलं असतं तर हे पत्र आलंच नसतं. ते काम मुलाचं किंवा सुनेचं होतं. तेवढा दोष त्या दोघांचा. फादरचा नाही. त्यांनी तुमची लाज राखली असंच मी म्हणेन.

ती चकती गव्हाच्या पिठाची आणि पाण्याची. मीठ नाही, यीस्ट नाही, चवीला म्हणाल तर काही नाही. पण येशूने शेवटच्या रात्री शिष्यांबरोबर जेवताना जे शब्द उच्चारले, ते वेदीवर फादरनी म्हटले की कॅथलिक श्रद्धेप्रमाणे ती भाकर उरत नाही, ख्रिस्ताचं शरीर होते. आठवण किंवा खूण म्हणून नव्हे, प्रत्यक्ष. त्यामुळे पुढचं सगळं त्या हिशोबाने चालतं. उरलेल्या चकत्या वेदीपाशी कुलूप असलेल्या छोट्या कपाटात ठेवतात आणि जवळ दिवा सतत तेवत ठेवतात. भांड्याला लागलेला कणसुद्धा पाण्याने विसळून ते पाणी फादर पितात. तुमच्या-माझ्या घरी तीर्थाचा थेंब सांडला तर आपण तो बोटाने टिपून डोळ्यांना लावतो. ही काळजी त्याच्या कितीतरी पुढची.

आता तुमचा रुमाल. तुम्हाला तो तुकडा मिळाला असता आणि तुम्ही प्रेमाने तो यजमानांसाठी बांधून घेतला असता, तर काय झालं असतं? ती चकती दिली त्याच जागी, देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत तोंडात टाकायची असते. कोणी तशीच घेऊन निघालं तर त्याला थांबवतात, हळू आवाजात का होईना. अनादर करायला ती बाहेर नेणं हा त्यांच्या कायद्यात फार मोठा अपराध आहे. तुमचा हेतू तसा नव्हता, पण रुमालाकडे पाहून हेतू कळत नाही. घरी आजारी माणूस असेल तर त्याला कम्युनियन पोहोचवतात, पण नेमलेली व्यक्ती, छोट्याशा खास डबीतून, आणि तेही त्या आजाऱ्याने आधी मागितलं असेल तर. म्हणजे ती रुमालाची गाठ सुटेपर्यंत सून कॉयर सोडून धावत आली असती, आणि मग खरोखर सगळ्यांनी पाहिलं असतं. फादरनी तुमचा हात पाहिला, ओळखलं, एकच प्रश्न हळू आवाजात विचारला आणि आशीर्वाद दिला. डोक्यावर हात ठेवून जे पुटपुटले ते तेच. तुम्ही ते पत्रात अर्ध्या ओळीत संपवलंत.

देवळाशी तुलना तुम्ही केलीत म्हणून त्याबद्दलही बोलू. प्रसाद देवाकडून बाहेर वाहतो. आपल्या इंदुरात हनुमानाच्या भंडाऱ्याची पुरी आणि नुक्ती रस्त्यावरून जाणाऱ्याला हाताला धरून खिलवतात. तो कोण, कुठला, देव मानतो की नाही, कोणी विचारत नाही. घेणाऱ्याने काही कबूल करायचं नसतं, फक्त हात पुढे करायचा. कम्युनियनमध्ये घेणाऱ्यालाही बोलावं लागतं. फादर चकती वर धरून म्हणतात, ख्रिस्ताचं शरीर. समोरचा म्हणतो, आमेन. म्हणजे होय, हे असंच आहे, मी हे मानतो. त्या एका शब्दात त्याचा बाप्तिस्मा येतो, हे चर्च येतं, बिशप आणि पोप येतात, आणि रांगेतल्या पुढच्या-मागच्या सगळ्यांशी आपण एक आहोत हेही येतं. तुमच्याकडून हे सगळं कबूल करून घेणं म्हणजे न वाचलेल्या कागदावर सही घेणं झालं असतं. फादरनी पेन मागे घेतलं.

खाणं हीच शपथ ठरू शकते, हे मराठी माणसाला काही परकं नाही. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस मंडळी ही गुप्त सभा काढली. जातिभेद मोडायचा हा तिचा उद्देश. तिच्यात यायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. पावाचा तो घास भुकेसाठी नव्हता. तो गिळला की माणूस इकडचा होत असे, आणि परत जायची वाट अवघड होई. पुढे सभासदांची नावं फुटतील अशी वेळ आली तेव्हा मंडळी पांगली, इतकी त्या घासाची धास्ती होती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद ह्या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. तिथे चहा-बिस्किटं आली. कोणी प्यायले, कोणी कप नुसता पुढ्यात ठेवला. नावं छापून आली आणि त्या चहावरून ग्रामण्य (वाळीत टाकण्याचं प्रकरण) झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. कपभर चहा! तेव्हा कोणाबरोबर काय खाल्लं, कोणाच्या हातचं घेतलं, ह्याला आपण ख्रिश्चनांपेक्षा कमी अर्थ चिकटवला आहे असं समजायचं कारण नाही.

तुम्हाला एकटीला वगळलं असंही नव्हतं. पुढच्या वेळी रांग लागली की बाकांकडे नजर टाका. बरेच कॅथलिकसुद्धा बसून असतात. मनावर मोठं पाप असेल तर आधी कन्फेशन, म्हणजे फादरपाशी पापाची कबुली, करावं लागतं, त्याशिवाय पुढे जायचं नाही. घटस्फोटानंतर चर्चच्या मान्यतेशिवाय दुसरं लग्न केलेल्यांनाही सहसा थांबावं लागतं. कोणी अर्ध्या तासापूर्वी कचोरी खाल्लेली असते. पूर्वी तर लोक इतके बिचकत, की वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या सुमारास, तरी घ्या, असा नियम १२१५ च्या धर्मपरिषदेत करावा लागला. आणि सुरुवातीच्या शतकांत बाप्तिस्मा न झालेल्यांना हा भाग सुरू होण्याआधी बाहेरच पाठवत. तुम्हाला निदान सगळं बसून पाहता आलं. प्रोटेस्टंट चर्चमध्ये वेगळी तऱ्हा असते. ते त्याला प्रभुभोजन म्हणतात, आणि कित्येक ठिकाणी बाप्तिस्मा झालेला कोणत्याही पंथाचा माणूस चालतो. त्या भाकरीत नेमकं काय घडतं ह्यावरून लूथर आणि झ्विंगली हे प्रोटेस्टंटांचे दोन पुढारी १५२९ मध्ये जर्मनीत मारबुर्गला समोरासमोर बसले आणि जुळवून न घेताच उठले. जिथे त्यांचं आपसात जमलं नाही, तिथे तिलकनगरच्या आजीची गल्लत झाली तर बिघडलं काय?

"आमच्या देवळातून कोणाला परत पाठवत नाहीत" हे वाक्य मात्र मला मान्य नाही. पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. तुमच्या-माझ्या आयांच्या डोळ्यांसमोरची गोष्ट आहे ही. त्याआधी प्रसाद सोडा, विठोबाची पायरी ओलांडता येत नव्हती. पुरीच्या जगन्नाथाचा महाप्रसाद जातपात न पाहता एकत्र खातात, हे किती छान. पण त्याच देवळाच्या दारातून अहिंदूला आत जाता येत नाही. घरातलंच बघा. बोडणाच्या खोलीत कोणालाही शिरू देतात का? कुळाचाराचा काही प्रसाद घराबाहेर द्यायचा नाही असं कित्येक घरांत आहे, आणि शेजारीण त्यावर रुसत नाही.

चर्चही धुतल्या तांदळाचं नाही. दक्षिणेत तंजावरकडच्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांत वरच्या जातींचे लोक वेगळे बसत आणि कम्युनियनही आधी घेत. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये फर्मान काढलं, की चर्चमधली जात ताबडतोब बंद. तेव्हा वरच्या समजल्या जाणाऱ्या वेल्लाळ जातीच्या कित्येक कुटुंबांनी चर्चच सोडलं. ज्या ताटाने सगळे एक व्हायचे, त्याच ताटापाशी जात आडवी आली. असलं काही तुमच्या बाबतीत घडलं असतं, जन्मावरून, कातडीवरून, आडनावावरून कोणी हात मागे केला असता, तर मीच तुम्हाला जाऊ नका म्हटलं असतं. तुम्हाला विचारलं गेलं ते, तुम्ही हे मानता का. त्याचं खरं उत्तर नाही होतं आणि तुम्ही ते खरं दिलंत. नियम आवडला नाही तर नावडता ठेवा. अपमान म्हणून गाठीला बांधू नका.

आता सून. तुमच्या पत्रातला हा भाग मी दोनदा वाचला, कारण त्यात एक गंमत आहे. ती मोदक करते, तुमची पुरणपोळी खाते, पण आरतीनंतर ताट पुढे आलं की थांबते. तुम्हाला हा विक्षिप्तपणा वाटतो. तिच्या पोथीत, म्हणजे बायबलात, ह्याचं जवळजवळ शब्दशः उत्तर आहे. ग्रीसमधल्या कोरिंथ शहरातल्या नव्या ख्रिश्चनांपुढे हाच पेच होता. बाजारातलं मटण पुष्कळदा देवळात वाहिलेल्या बळीचं असे, आणि आमंत्रणं तर शेजाऱ्यांकडची यायची. खायचं की नाही? संत पौलाने पहिल्या शतकात त्यांना पत्रातून कळवलं, त्याचा मथितार्थ असा: बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. कोणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा. पण समोरच्याने सांगितलं, की हे देवाला वाहिलेलं आहे, तर थांबा, कारण आता त्या घासाला अर्थ आला. त्याच पत्रात तो हेही बजावतो, की प्रभूच्या मेजावर आणि दुसऱ्या देवाच्या मेजावर एकदम बसता येत नाही. तुमची सून ह्याहून वेगळं काय करते? स्वयंपाकघरातला मोदक तिच्यासाठी सासूने करून घेतलेला मोदक आहे. आरतीनंतर तोच मोदक "घे, प्रसाद" म्हणून पुढे आला की तिला तिथेच थांबावं लागतं. सगळे भारतीय कॅथलिक इतके काटेकोर नसतात. पुष्कळजण शेजाऱ्याचा प्रसाद नमस्कार करून खातात आणि त्यांना काही वाटत नाही. ती घेत नाही, हा तिचा स्वतःचा विवेक. तुम्ही रांगेत "नाही" म्हणालात, तसं तीही ताटापुढे "नाही" म्हणते, आणि तेही नमस्कार करून.

तुम्हाला त्याची भीती का वाटते तेही कळतं. सत्यनारायणाच्या कथेत तुंगध्वज राजा गवळ्यांनी दिलेला प्रसाद तिथेच टाकून जातो आणि मुलं, वैभव सगळं गमावतो. कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावते आणि नौका दिसेनाशी होते. लहानपणापासून ऐकलेलं असतं, ते सुनेच्या नमस्कारापाशी आठवतंच. पण राजाने प्रसाद टाकला तो गर्वाने, आणि कलावती तर भान हरपून धावली. तुमच्याकडे दोन्ही नाही.

ह्यावर उपाय ओट्यावरच आहे. नैवेद्याचं ताट वेगळं वाढा, देवापुढे ठेवा, आणि नंतर ते पातेल्यात परत मिसळू नका. ताटातला प्रसाद ज्यांना हवा त्यांना. सुनेला पातेल्यातलं वाढा. तिला हे सांगून करा, लपवून नको. फसवून प्रसाद खाऊ घातला की तुम्ही जिंकलात असं होत नाही, उलट पुढच्या वेळी ती पातेल्यातलंही घेणार नाही. आणि पाहुण्यांसमोर ताट घेऊन तिच्यापाशी जायचं आजपासून बंद. तुम्हाला चर्चमध्ये जे झालं ते तिला दर गणपतीत दिवाणखान्यात होतं.

पोह्यांचं तर अगदीच सोपं आहे. कम्युनियनच्या आधी निदान एक तास काही खायचं नसतं, पाणी आणि औषध चालतं. पूर्वी मध्यरात्रीपासून उपास असे, तो कमी होत होत १९६४ पासून एका तासावर आला, तरी बऱ्याच घरांत अजून सकाळी काहीच न खाता जायची सवय आहे. तिचा तुमच्या पोह्यांवर राग नाही. ती परत आली की टाका पोहे, आणि तोवर तुम्हीही थांबा. कोरिंथच्याच पत्रात पौल आणखी एका गोष्टीवर भडकला आहे. एकत्र भोजनाला जमायचे तेव्हा पैसेवाले आपापलं आधी खाऊन, पिऊन टुन्न होत आणि गरीब मागून येऊन उपाशी राहत. त्याने लिहिलं, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. वेदी, चकती, आमेन ह्यांच्या इतकंच हेही कम्युनियन आहे, आणि ह्यात तुम्हाला कोणी कॅथलिक आहात का म्हणून विचारणार नाही. रविवारी दहा वाजता सून, नात, तुम्ही आणि यजमान एका टेबलावर. वर शेव, लिंबू. जिलबी मुलाला आणायला लावा.

मुलावरून आठवलं. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात मुलगा एकदाच येतो, तोही फोनवर बोलायला बाहेर जाताना. "नात गेली त्यांच्यात" हे जाऊबाईंचं वाक्य तुम्हाला सुनेपेक्षा जास्त बोचलंय, हे मला दिसतं. तर ऐका. कॅथलिक मुलगी हिंदू मुलाशी चर्चमध्ये लग्न करते तेव्हा बिशपांची परवानगी घ्यावी लागते, आणि मुलांचा बाप्तिस्मा करून त्यांना कॅथलिक म्हणून वाढवायला मी माझ्याकडून होईल ते सगळं करेन, असं वचन तिच्याकडून घेतात. नवऱ्याने वचन द्यायचं नसतं, पण बायकोने काय वचन दिलंय ते त्याला सांगितलेलं असतं. तुमच्या मुलाचं लग्न चर्चमध्ये झालं असेल तर हे त्याला दहा वर्षं ठाऊक आहे. नातीचा बाप्तिस्मा झालेला असणार, कारण त्याशिवाय फर्स्ट कम्युनियन होत नाही. म्हणजे ईस्टरनंतर ती कुठे "जाणार" नाहीये. ती जिथे आहे तिथेच एक पायरी चढणार आहे. ह्यावर रडावंसं वाटलं तर रडा, त्यात चूक काही नाही. आपली नात आपल्या देवघरात दिवा लावेल असं कोणत्या आजीला वाटत नाही? फक्त ते मुलापाशी बोला. दहा वर्षं तो दोन्ही बाजूंना हो म्हणत मधून सुटला आहे, आणि हिशोब मात्र सासू-सुनेच्या ताटावर चालू आहे. सुनेने तुमच्यापासून काही लपवलेलं दिसत नाही. लपवलं असेल तर तुमच्या मुलाने.

आणि नातीचा प्रश्न, मग मी काय खायचं? तिला सांगा, आईबाबांनी तुझ्यासाठी ठरवलंय ते चर्चमध्ये खा, माझ्याकडे भूक लागेल ते खा, आणि प्रसादाचं तू तुझ्या आईला विचार. एवढंच. आठ वर्षांच्या मुलीला ह्यापेक्षा मोठं उत्तर लागत नाही, आणि तिला साक्षीदार करायचं नाही. आई मला प्रसाद खाऊ देत नाही, आजी खा म्हणते, अशी दोरी तिच्या हातात पडली की ती दोन्ही टोकं ओढायला शिकेल. मुलं हुशार असतात. वयाचं म्हणाल तर पूर्वी फर्स्ट कम्युनियन दहा ते चौदा वर्षांपर्यंत लांबे. दहावे पायस पोप यांनी १९१० मध्ये सांगितलं, की बरं-वाईट कळायला लागलं, साधारण सातव्या वर्षी, की पुरे. साधी भाकर आणि ही भाकर ह्यांतला फरक मुलाला कळायला हवा, ही अट. तुमच्या नातीला तो कळतो. तिने तुम्हाला विचारलेला प्रश्न त्याचाच पुरावा आहे, तिच्या धर्मशिक्षणाच्या बाईंना ऐकवण्यासारखा.

आता त्या दिवसाचं. मुली पांढरा फ्रॉक घालतात, डोक्यावर पांढरी जाळीदार ओढणी किंवा फुलांचा मुकुट, हातात मेणबत्ती. त्याआधी थोडे दिवस तिचं पहिलं कन्फेशन होईल, ते खासगी असतं, "काय सांगितलंस फादरना?" असं विचारू नका. मिस्सा तासाच्या वर चालेल. सगळे उभे राहतील तेव्हा उभ्या राहा, गुडघे टेकतील तेव्हा बसून राहिलात तर कोणी काही म्हणत नाही. मुलं पुढे जातील, मग मोठे. तुम्ही बाकावरच बसा, किंवा रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे ठेवा. बऱ्याच चर्चमध्ये ह्याचा अर्थ कळतो, मला फक्त आशीर्वाद हवा. तिथे तशी रीत आहे का, ते सुनेला आदल्या दिवशी विचारून घ्या, म्हणजे पुन्हा हात पुढे-मागे नको. मुलाला शेजारी बसवा. फोन बंद.

वाटून खायचं काही त्यांच्यात नाहीच, असंही समजू नका. केरळात चर्चच्या उत्सवात नेर्चा म्हणून अन्न वाटतात, कुठे गुळाचा गोड भात, कुठे पूर्ण जेवण, आणि ते कोणालाही मिळतं. कोट्टयमजवळ पुदुप्पळ्ळीच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये संत जॉर्जच्या उत्सवात हजारो माणसं जेवतात, त्यात हिंदूही असतात. तुम्हाला हवा होता तो प्रसाद हा. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी केरळी ख्रिस्ती घरांत तांदूळ आणि उडदाची, न आंबवलेली पेसहा अप्पम करतात, बरोबर गूळ घातलेलं नारळाचं दूध. घरातला वडीलधारा माणूस ती मोडून वयाप्रमाणे सगळ्यांना देतो. तुमची सून इंदुरात ती करते का, आणि तिथे तुम्हाला बसता येईल का, हे विचारा. कदाचित हो म्हणेल, कदाचित तिच्या माहेरच्या रीतीत बसत नसेल. तरी विचारा. उडीद वाटायला तर तुमची मदत नक्की होईल.

भेट: रोझरी (त्यांची जपमाळ) किंवा प्रार्थनेचं पुस्तक बहुतेक गॉडमदर किंवा आईकडचे देतील, ते त्यांच्याकडे राहू द्या. देवाची मूर्ती किंवा गणपतीचं लॉकेट ह्या दिवशी नको, वाढदिवसाला हवं तर आईबाबांना विचारून द्या. सराफ्यातून चांदीची छोटी वाटी घ्या, तिचं नाव कोरून. आणि दुपारच्या जेवणात एक पदार्थ तुमच्या हातचा असू द्या. श्रीखंड करा. मे महिना जवळ आलेला असेल, चक्का आदल्या रात्री टांगा, केशर दुधात सकाळीच भिजत घाला.